पदोन्नतीतील कुंठितता : मोठ्या उद्योगसंस्थांतील उपेक्षेच्या भावनेची कारणमीमांसा

प्रस्तावना :

मोठ्या उद्योगसंस्थेत दहा-बारा वर्षे निष्ठेने काम केलेल्या कर्मचाऱ्याला दरवर्षी ‘काम चांगले’ असा शेरा मिळतो. पदोन्नतीच्या यादीत मात्र त्याचे नाव नसते. त्याच्याबरोबर, प्रसंगी त्याच्यानंतर रुजू झालेले सहकारी वरच्या पदावर जातात. आपण नेमके कोठे कमी पडलो, या प्रश्नाचे उत्तर त्याला कोणी देत नाही आणि विचारण्याचे धाडसही त्याला होत नाही. पदोन्नती न मिळणे आणि ती का मिळाली नाही हे न कळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे मूळ बहुधा संस्थेच्या रचनेत असते, तर दुसरीचे निर्णयाच्या पद्धतीत. उपेक्षेची भावना मुख्यत्वे दुसरीतून निर्माण होते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पना :

एकाच पदावर दीर्घकाळ अडकून पडण्याच्या अवस्थेला शासकीय परिभाषेत ‘कुंठितता’ असे म्हटले जाते. व्यवस्थापनशास्त्रात फेरेन्स, स्टोनर आणि वॉरेन यांनी १९७७ साली या अवस्थेची पद्धतशीर मांडणी केली. यापुढे पदोन्नती मिळण्याची शक्यता अत्यंत कमी उरते, असा वृत्तिजीवनातील टप्पा म्हणजे कुंठितता, अशी त्यांची व्याख्या आहे. या व्याख्येत कर्मचाऱ्याच्या अकार्यक्षमतेचा उल्लेख नाही, ही बाब महत्त्वाची होय. या अभ्यासकांच्या वर्गीकरणात उत्तम काम करणारा, परंतु वर जाण्याची शक्यता नसलेला असा एक स्वतंत्र वर्ग आहे आणि संस्थेचे बरेचसे दैनंदिन काम हाच वर्ग पार पाडत असतो.

ज्युडिथ बार्डविक यांनी १९८६ साली कुंठिततेचे तीन प्रकार सांगितले : वरची पदेच नसल्यामुळे येणारी रचनात्मक कुंठितता, कामात नवे शिकण्यासारखे न उरल्यामुळे येणारी आशयाची कुंठितता आणि एकूण जीवनच साचून राहिल्याची भावना. पहिला प्रकार आज ना उद्या बहुतेकांच्या वाट्याला येतो. त्यातून दुसरा व तिसरा उद्भवणे मात्र अपरिहार्य नसते.

रचनेचे गणित :

रचनात्मक कुंठितता समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. प्रत्येक अधिकाऱ्याच्या हाताखाली सहा जण असतील, तर तळाच्या स्तरावर १,२९६, त्यावर २१६, त्यावर ३६, मग ६ आणि शिखरावर १ अशी उतरंड तयार होते. दुसऱ्या स्तरावरील व्यक्ती सरासरी आठ वर्षे पदावर राहत असेल, तर दरवर्षी तेथे २७ जागा रिकाम्या होतात. म्हणजे तळाच्या ४८ जणांपैकी एकालाच त्या वर्षी संधी मिळते. संस्थेचा विस्तार होऊन दुसऱ्या स्तरावरील पदे एका वर्षात वीस टक्क्यांनी वाढली, तर आणखी ४३ जागा निर्माण होतात आणि हे प्रमाण सुमारे १८ जणांत एक असे होते. विस्तार थांबताच ते पुन्हा घसरते. भरभराटीच्या काळात वर गेलेला आणि मंदीत मागे राहिलेला, या दोघांच्या गुणवत्तेत फारसे अंतर असेलच असे नाही. तरीही पहिला यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि दुसरा दोषही स्वतःकडेच घेतो.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा भेद त्यांच्याच सेवेच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. करिअर अॅडव्हान्समेंट योजनेखाली सहायक प्राध्यापक हा विहित सेवाकाल व अटी पूर्ण करून सहयोगी प्राध्यापक होतो; त्यासाठी वरची जागा रिकामी व्हावी लागत नाही. कंपनीतील कर्मचाऱ्याला सामान्यतः अशी सोय नसते. त्याची उन्नती दुसऱ्या कोणाच्या जाण्यावर किंवा नव्या पदनिर्मितीवर अवलंबून असते.

तुलना आणि उपेक्षा :

केवळ संधी कमी असल्याने असंतोष वाढतो असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांविषयी सॅम्युअल स्टाउफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध झाला. हवाई दलात पदोन्नती झपाट्याने होत असे, तर लष्करी पोलीस दलात ती अतिशय मंद होती. तरीही पदोन्नतीच्या व्यवस्थेविषयी हवाई दलातील सैनिकच अधिक असमाधानी आढळले. जेथे अनेकांना मिळते, तेथे न मिळालेल्याला आपले वंचित्व अधिक बोचते. जे. स्टेसी अॅडम्स यांनी १९६० च्या दशकात मांडलेला समन्याय सिद्धान्तही हेच सांगतो : व्यक्ती आपले श्रम व मोबदला यांचे गुणोत्तर इतरांच्या गुणोत्तराशी ताडून पाहते.

ही तुलना अनेकदा अपुऱ्या माहितीवर आधारलेली असते. वरच्या पदासाठी कोणते गुण पाहिले गेले, हेच ठाऊक नसते. उत्तम विक्रेता हा उत्तम व्यवस्थापक असेलच असे नाही. त्यामुळे त्याला डावलण्यामागे कधी सयुक्तिक कारणही असू शकते. उलट, रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ साली एका मोठ्या कंपनीच्या अभ्यासातून दाखविल्याप्रमाणे, वरिष्ठ अधिकारी अनिश्चिततेच्या ओझ्याखाली आपल्यासारख्याच माणसांची निवड करण्याकडे झुकतात. स्त्रिया आणि वेगळ्या सामाजिक पार्श्वभूमीचे कर्मचारी यांना त्याची झळ पोहोचते. कारणे सांगितलीच जात नसतील, तर सयुक्तिक निवड कोणती आणि पूर्वग्रहदूषित निवड कोणती, हे डावलल्या गेलेल्याला ओळखता येत नाही.

निर्णयपद्धतीचा प्रश्न :

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा देवदत्त विरुद्ध भारत संघ (२००८) हा निर्णय उद्बोधक आहे. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील एका कार्यकारी अभियंत्याला अधीक्षक अभियंता पदासाठी डावलण्यात आले. त्याच्या कनिष्ठांना मात्र पदोन्नती मिळाली. पदोन्नतीसाठी सलग पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ हा शेरा आवश्यक होता आणि १९९३-९४ या वर्षी त्याला केवळ ‘चांगला’ असा शेरा होता. शेरा प्रतिकूल नाही, या सबबीवर तो त्याला कळविण्यात आला नव्हता. ज्या शेऱ्यामुळे संधी हिरावली जाते तो परिणामतः प्रतिकूलच ठरतो, असे न्यायालयाने म्हटले आणि लोकसेवकाचा प्रत्येक शेरा त्याला कळविला पाहिजे, असा दंडक घालून दिला. तोपर्यंत तो अभियंता निवृत्त झाला होता. शेरा सुधारला गेल्यास पूर्वलक्षी विचार करण्याचा आदेश झाला. परंतु त्या पदावर प्रत्यक्ष काम करण्याची वर्षे परत मिळणे शक्य नव्हते.

हा दंडक शासकीय सेवेबरोबरच सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनाही लागू आहे. खाजगी कंपन्यांवर तसे बंधन नाही. तथापि त्यामागील तत्त्व तेथेही तितकेच उपयुक्त आहे. जेराल्ड लेव्हेन्थाल यांनी १९८० साली न्याय्य कार्यपद्धतीच्या सहा कसोट्या सांगितल्या : सातत्य, निःपक्षता, अचूक माहिती, चूक दुरुस्तीची सोय, संबंधितांचे प्रतिनिधित्व आणि नैतिकता. ‘चांगला’ असा मोघम शेरा देऊन कारण दडविणारी पद्धत यांपैकी दुरुस्तीच्या कसोटीवर तत्काळ अनुत्तीर्ण ठरते. कारण जे कळलेच नाही ते सुधारता येत नाही.

उपाययोजना :

शासनाने वेतनापुरता उपाय योजला आहे. केंद्र शासनाच्या १९९९ च्या योजनेत १२ व २४ वर्षांच्या सेवेनंतर आणि २००८ च्या सुधारित योजनेत १०, २० व ३० वर्षांनंतर आर्थिक उन्नयन ठेवण्यात आले. यामुळे आर्थिक झळ कमी होते, परंतु काम तेच राहते. म्हणून काही कंपन्यांत व्यवस्थापकीय पदांना समांतर अशी तज्ज्ञांची श्रेणी ठेवली जाते. तिला वेतन व निर्णयाधिकार यांची जोड नसेल, तर ती केवळ नावापुरती उरते.

कर्मचाऱ्यापुढील मार्गांचा विचार करताना अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडलेले विवेचन उपयोगी पडते. असमाधानी सदस्य संस्था सोडतो किंवा आवाज उठवतो. निष्ठा त्याला सोडून जाण्यापासून रोखते. आवाज उठविणे म्हणजे तक्रार करणेच नव्हे. ‘पुढील पदासाठी कोणत्या कसोट्या आहेत, त्यांपैकी कोणती अपूर्ण आहे आणि ती पूर्ण झाल्यास जागा अपेक्षित आहे काय’ हे तीन प्रश्न लेखी विचारणे हाही आवाजच होय. पहिल्या दोहोंचे उत्तर गुणवत्तेविषयी असते, तिसऱ्याचे रचनेविषयी. जागाच नसेल, तर अधिक श्रम करणे हा उपाय ठरत नाही. विभाग बदलणे, नवे कौशल्य शिकणे किंवा अन्यत्र जाणे यांचा विचार करणे श्रेयस्कर ठरते.

निष्कर्ष :

उतरंडीच्या रचनेत सर्वांना पदोन्नती देणे कोणत्याही संस्थेला शक्य नाही. कारण सांगणे मात्र प्रत्येक संस्थेला शक्य आहे. कारण कळले की कर्मचारी सुधारणा करू शकतो, प्रतिवाद करू शकतो किंवा मार्ग बदलू शकतो. ते न कळल्यास रचनेचा दोष तो स्वतःच्या माथी मारून घेतो. महाविद्यालयांतून दरवर्षी अशा संस्थांत दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांना मुलाखतीची तयारी करून दिली जाते. पद आणि योग्यता या एकच गोष्टी नव्हेत, हेही त्यांना त्याच वेळी सांगितले जाणे अगत्याचे आहे.