दुधाच्या खोलीस इपॉक्सीचा लेप

सांडलेलें दूध आंबतें व त्यांतील लॅक्टिक आम्ल सिमेंट हळूहळू खातें. मग जमिनीस खळगे पडून त्यांत घाण सांचते व दुधास वास लागतो. यावर इपॉक्सीचा लेप हा उत्तम उपाय होय. परंतु तो ओलीवर टिकत नाहीं, हें आम्ही नुकसान सोसून शिकलों. घाईनें दिलेला आमचा पहिला लेप पावसाळ्यांत पापुद्र्यांनीं सुटला.

नवें काँक्रीट निदान २८ दिवस मुरूं द्यावें. वरचा भुसभुशीत थर घासून काढावा, तेलकटपणा धुवावा व जमीन वाळवावी. नंतर हातभर लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटवून १६ तास ठेवावा; खालीं दंव धरलें तर थांबावें.

राळ व तिला कठीण करणारें द्रव्य डब्यावरील प्रमाणांतच, थोडें थोडें कालवावें. उन्हाळ्यांत मिश्रण लवकर थिजतें. हातमोजे घालावे, खिडक्या उघड्या ठेवाव्या. पहिल्या ओल्या लेपावर कोरडी वाळू पेरावी, म्हणजे पाय घसरत नाहीं. तो वाळल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा लेप द्यावा. पुढें आठवडाभर तेथें दूधपाणी सांडूं देऊं नये.

हा खर्च लहान नव्हे. तो दोनदां करण्यापेक्षां जमीन सुकेपर्यंत वाट पाहणेंच शेतकऱ्यास परवडतें.