४४४९०६ : वरूडच्या पिनकोडचं गणित

संत्र्याच्या पेटीवर किंवा मनिऑर्डरवर लिहिताना वरूडचा ४४४९०६ हा पिनकोड आपण नीट पाहतच नाही. त्यातले अंक मिळवा : ४+४+४+९+०+६ = २७. आता त्याच २७ने मूळ संख्येला भागा. भागाकार १६४७८, बाकी शून्य! स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद' हे नाव दिलं देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. शाळेत शिकवता शिकवता संख्यांचा असा ध्यास घेणारा हा माणूस आपल्या मुलांना माहीत असायलाच हवा. एकाने कमी असलेली ४४४९०५ मात्र हर्षद नाही : बेरीज २६, आणि विषम संख्येला सम संख्येने भाग जाणार कसा?

अवयव पाडले तर २×३×३×३×७×११×१०७. म्हणजे एकूण ६४ विभाजक. स्वतः संख्या सोडून उरलेल्या ६३ विभाजकांची बेरीज ७,९९,२५४ भरते, मूळ संख्येहून कितीतरी जास्त. म्हणून ही 'विपुल' संख्या.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. पहिला ४ टपाल विभागाचा, शेवटचे तीन अंक पोस्टाचे. हर्षदपणा केवळ योगायोगाचा.