मंदीतले घर आणि थांबण्याची ताकद

घर बांधण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. घर विकण्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. ज्यांच्या वाडवडिलांना गावकुसाबाहेरची जागासुद्धा आपली म्हणता येत नव्हती, त्यांना आपल्या पहिल्या पक्क्या घराचा विचार विक्रीच्या अंगाने करणे रुचत नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु प्रश्न टाळल्याने तो सुटत नाही. मुलीचे वैद्यकीय शिक्षण, आईचे आजारपण, नोकरीतली बदली, बंद पडलेला कारखाना, यांपैकी काहीही आले की पहिल्यांदा नजर जाते ती घराकडे. कारण आपल्या बहुतेक कुटुंबांजवळ दुसरे भांडवल नसते. शेत नाही, सोने नाही, दुकान नाही. जे काही साठले ते विटांत साठले. म्हणून ते घर केव्हा, कोणत्या भावाने आणि कोणत्या अटीवर विकले जाते, हा आपल्या दृष्टीने केवळ खाजगी व्यवहार राहत नाही.

मी बुटीबोरीत शिक्षक म्हणून नोकरी केली. तिथले माझे घर विकायला मला एकवीस महिने लागले. त्या काळात आणि नंतरही शेजारपाजारच्या काही कुटुंबांचे कागद मी वाचून दिले. त्या अनुभवातून जे समजले ते कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून इथे मांडतो आहे.

प्रथम मंदी म्हणजे काय ते पाहू. कळमन्याच्या बाजारात सोयाबीन नेले की त्या दिवसाच्या भावाने ते विकले जाते. भाव पडला तर पडलेल्या भावाने, पण संध्याकाळी गाडी रिकामी होते. घराचे तसे नाही. घराच्या बाजारात मंदी आली की बोलले जाणारे भाव लगेच पडत नाहीत, वेळ लांबतो. विकणारा आपला आकडा सोडत नाही, घेणारा त्या आकड्याला येत नाही, आणि मध्ये महिने जातात. त्यामुळे ‘भाव तर तोच आहे’ असे सगळे म्हणत राहतात आणि प्रत्यक्षात खरेदीखते होत नाहीत.

बुटीबोरीत हे का घडते? नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर, हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर आणि वर्ध्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे गाव आहे. औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत इथे झाली. जिथे कारखाने तिथे घरांना मागणी, असा सरळ हिशेब लोकांनी केला. पण कारखान्यातला कामगार कायम असला तरच त्याला बँक कर्ज देते. कंत्राटी कामगार खोली भाड्याने घेतो, घर विकत घेत नाही. म्हणून इथे खोल्यांना गिऱ्हाईक आहे, घरांना कमी.

दुसरे कारण आशेचे आहे. मिहान प्रकल्पाची घोषणा झाली तेव्हापासून वर्धा रोडच्या दोन्ही बाजूंना लेआउट पडले. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली आणि त्यात बुटीबोरीची दिशा आहे. प्रत्येक घोषणेबरोबर विकणाऱ्याचा आकडा वर जातो. घेणाऱ्याची मिळकत मात्र घोषणेने वाढत नाही. शिवाय आजूबाजूला मोकळे प्लॉट इतके आहेत की जुने घर कशाला, प्लॉट घेऊन आपल्या मनासारखे बांधू, असे म्हणायला तो मोकळा असतो.

आता विकणाऱ्याच्या मनाकडे वळू. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९९० च्या दशकात घरांचे भाव घसरले होते. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या विक्रीचा अभ्यास करून २००१ साली तो प्रसिद्ध केला. ज्यांना खरेदीपेक्षा कमी किंमत येण्याची भीती होती, ते इतरांपेक्षा जास्त आकडा सांगत आणि त्यांची घरे बाजारात जास्त काळ पडून राहत, असे त्यांना आढळले. बोस्टनचा मध्यमवर्गीय आणि बुटीबोरीचा कामगार यांच्यात एवढे साम्य आहे. ‘मला एवढ्याला पडले’ हा आकडा आपल्या डोक्यात पक्का बसतो. घेणाऱ्याला त्याच्याशी काहीच देणेघेणे नसते.

म्हणून थांबण्याचीही किंमत मोजली पाहिजे. उदाहरण घेऊ. घराला २० लाखांचे गिऱ्हाईक आले आहे. मालकाला २२ लाख हवेत. घरावर १० लाखांचे कर्ज बाकी आहे, व्याज ९ टक्के; वर्षाला ९० हजार. घर विकून कर्ज फेडल्यावर जे १० लाख हातात उरले असते, ते ७ टक्क्यांनी ठेवले तर ७० हजार मिळाले असते, तेही गेले. कर आणि दुरुस्ती १५ हजार. घर बंद असेल तर एक वर्ष थांबण्याचा खर्च १ लाख ७५ हजार. म्हणजे चौदा महिन्यांत ते वरचे दोन लाख संपले. त्यानंतर २२ लाख मिळाले तरी तो तोटाच आहे. तेच घर महिना ५ हजारांनी भाड्याने दिले तर वर्षाचा खर्च १ लाख १५ हजारांवर येतो आणि तीच मुदत एकवीस महिन्यांच्या आसपास जाते. हा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांनी मांडावा. भाडे करार मात्र नोंदणी करूनच करावा; १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तो लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक केले आहे.

या हिशेबातून एक गोष्ट उघड होते. मंदीत किंमत ठरते ती थांबण्याच्या ताकदीवर. ज्याच्यावर कर्ज नाही, ज्याचे दुसरे घर आहे, तो थांबतो. ज्याला दवाखान्याचे बिल भरायचे आहे तो थांबू शकत नाही, आणि हे दलालाला पहिल्या भेटीत कळते. मंदी सर्वांना सारखी लागत नाही.

आणि आपल्या बाबतीत यात जात मिसळते. माझे घर दाखवायला घेतले तेव्हा एका दलालाने मला सल्ला दिला, ‘‘समोरच्या खोलीतला बाबासाहेबांचा फोटो थोडे दिवस आत ठेवा, भाऊ. गिऱ्हाईक वाढतील.’’ तो वाईट मनाचा माणूस नव्हता. त्याला बाजार ठाऊक होता. मी फोटो हलवला नाही. या गोष्टीत अपमान आहे, पण त्यापलीकडे अर्थशास्त्रही आहे. दारावरचे आडनाव वाचून, गल्लीच्या टोकाचा निळा झेंडा पाहून परत फिरणारे गिऱ्हाईक म्हणजे कमी झालेली मागणी. शंभर घेणाऱ्यांतले साठ आधीच गळाले तर उरलेल्या चाळीसांची वाट पाहण्यात वेळ जातो, आणि वेळेची किंमत वर सांगितलीच आहे. म्हणजे तेच क्षेत्रफळ, तेच सिमेंट, तोच रस्ता असून आपल्या घराला दोन कर भरावे लागतात. एक नगरपरिषदेचा आणि एक जातीचा. १९१७ साली बडोद्यात डॉ. आंबेडकरांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले. शंभर वर्षांनंतरही हा प्रश्न शहरांत जिवंत आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना उघड नकार आणि जाचक अटी यांना तोंड द्यावे लागते, हे त्यातून दिसले. विक्रीच्या बाजारात नकार इतका उघड नसतो. तिथे फक्त फोन पुन्हा येत नाही.

जातीवरचा उपाय एका घरमालकाच्या हातात नाही. कागद मात्र हातात आहेत, आणि मंदीत सर्वात जास्त नुकसान कागदांच्या उणिवेने होते. घेणारा बँकेचे कर्ज काढणार असेल तर बँक विचारते: जमीन अकृषक झाली आहे का? लेआउट मंजूर आहे का? सातबारावर कोणाचे नाव आहे? आपल्या अनेक लोकांजवळ ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना ८ चा उतारा असतो. तो कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. काहींजवळ शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचे करारपत्र किंवा मुखत्यारपत्र असते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी जात नाही, आणि मुखत्यारपत्रावर झालेली विक्री ही विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले. कागद अपुरे असले की बँकेवाले गिऱ्हाईक जाते आणि फक्त रोखीवाला उरतो. रोखीवाला भाव पाडतो. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या अनधिकृत तुकड्यांना गुंठेवारी कायद्याखाली नियमित करण्याची तरतूद आहे. ज्यांना लागू असेल त्यांनी ती विक्रीआधी वापरावी, सौदा ठरल्यावर नव्हे. जमीन शासनाकडून मिळालेली असेल आणि उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिले असेल तर परवानगीवाचून इसारसुद्धा घेऊ नये.

वडिलांच्या नावचे घर असेल तर वारस नोंद आधी करावी. बौद्धांनाही १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे आणि त्यात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. बहिणीची सही ही उपकाराची गोष्ट नाही, तो तिचा हक्क आहे. ‘ती काही मागणार नाही’ असे समजून केलेले सौदे पुढे न्यायालयात अडकतात.

रोखीविषयी एवढे सांगितले पाहिजे की स्थावराच्या सौद्यात २० हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. किंमत शासकीय मूल्यदराच्या दहा टक्क्यांहून जास्त खाली गेली तर आयकर शासकीय मूल्यावर आकारला जातो. मंदीत हे हमखास नडते. उलट एक दिलासाही आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले घर दोन वर्षांहून जास्त काळ बाळगून विकले तर नफ्यावर १२.५ टक्के किंवा महागाई निर्देशांक धरून २० टक्के, यांतला कमी पडेल तेवढाच कर बसतो. जुन्या घरांच्या बाबतीत निर्देशांक धरल्यावर पुष्कळदा नफाच उरत नाही.

किंमत ठरवताना शेजाऱ्याने काय मागितले ते विचारू नये. शेजारचे घर कितीला नोंदले गेले ते पाहावे. नोंदणी विभागाची सूची क्रमांक २ कोणालाही पाहता येते. ती पाहून आपली खालची मर्यादा आणि थांबण्याची मुदत, दोन्ही बाजारात उतरण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावीत.

हे सर्व एकेकट्याने करायचे म्हटले तर कठीण आहे. आपल्या वस्त्यांत जयंतीच्या समित्या आहेत, विहारे आहेत, वाचनालये आहेत, निवृत्त तलाठी आणि वकील आहेत. वर्षातून दोन रविवार विहारात बसून वस्तीतल्या घरांचे कागद तपासून दिले, वारस नोंदी करून घेतल्या, तर अडचणीच्या दिवशी घर मातीमोल जाणार नाही. आपल्या पतसंस्थांनीही याचा विचार करावा. घर विकेपर्यंत सहा महिन्यांची उसनवार वेळेवर मिळाली तर माणूस पहिल्याच पडेल भावाला मान तुकवत नाही. थांबण्याची ताकद एकट्या कामगाराजवळ नसते. ती वस्तीने मिळून उभी करता येते, आणि हे काम कोणत्याही घोषणेची वाट न पाहता येत्या रविवारी सुरू करता येण्यासारखे आहे.