शेवाळ आलं की पाणी बदला? आधी ते पाणी तपासा

‘शेवाळ झालं? मग पाणी बदला.’ खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्याला हे वाक्य इतक्या वेळा ऐकावं लागतं की शेवटी तो बादली उचलतोच. दगडांवर हिरवे केस उगवलेले असतात, काचेवर तपकिरी थर असतो. पाव पाणी बदललं की दोन दिवस टँक छान दिसतो आणि आठवड्यात शेवाळ पुन्हा जागेवर येतं. मग सल्ल्याची मात्रा वाढते: अर्धं बदला, सगळं बदला, दगड बाहेर काढून घासा. यात मासे मरतात आणि शेवाळ राहतं.

बदलायचं ते कोणत्या पाण्याने, हे मात्र कुणी सांगत नाही. वाशिम जिल्ह्यात सगळा प्रश्न तिथेच अडलेला आहे. समुद्र इथून जवळपास पाचशे किलोमीटर दूर. त्यामुळे मालेगाव असो की मंगरूळपीर, समुद्राचं पाणी घरीच तयार करावं लागतं: लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. मीठ चांगल्या प्रतीचं, महागाचं घेतलेलं असतं. ते विरघळवलं जातं मात्र घरच्या बोअरच्या पाण्यात.

शेवाळाला उजेड लागतो, कार्बन लागतो आणि त्याबरोबर नायट्रोजन व फॉस्फरस लागतात. यातला नायट्रोजन टँकमध्ये मुख्यतः नायट्रेटच्या रूपात असतो. नायट्रेट दिसत नाही, त्याला वास नाही, ते कापडातून गाळलं जात नाही आणि टाकीच्या तळाशी बसत नाही. बोअरमध्ये ते येतं शेतात टाकलेल्या युरियातून, गोठ्याशेजारच्या उकिरड्यातून आणि संडासाच्या शोषखड्ड्यातून. पाऊस त्याला खाली नेतो, पंप वर आणतो.

हे वाचून कुणी म्हणेल, आमचं पाणी चांगलं आहे, आम्ही तेच पितो. म्हणून थोडे आकडे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या देशभरातल्या १५ जिल्ह्यांची यादी आहे. त्यातले सात महाराष्ट्रातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. वाशिमचं नाव त्यात नाही. पण बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ हे तिन्ही आपल्या सीमेला लागून आहेत. खडक तोच, सोयाबीन-कापूस-तुरीची शेती तीच, खतं तीच. बोअरपरत्वे पाणी बदलतं, शेजाऱ्याचं चांगलं आणि आपलं वाईट असू शकतं, म्हणून आपल्या बोअरचा आकडा आपणच काढायला हवा.

आता ‘पिण्यायोग्य’ या शब्दाकडे पाहू. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. जास्त नायट्रेटमुळे तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते, त्या धोक्याचा विचार यामागे आहे. ही मर्यादा माणसासाठी आखलेली आहे. प्रवाळ ठेवलेल्या टँकमध्ये बहुतेक जाणकार नायट्रेट २ ते १० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवतात. म्हणजे ४० मिलिग्रॅमचं पाणी प्रयोगशाळेत सरळ पास होईल, आपण ते निर्धास्त पिऊ, आणि तेच पाणी टँकमध्ये शेवाळाला पोसत राहील.

बेरीज करून बघा. शंभर लिटरचा टँक, त्यात नायट्रेट २०. पंचवीस लिटर पाणी काढलं आणि ४० नायट्रेट असलेल्या बोअरच्या पाण्यात मीठ कालवून तेवढंच भरलं. नवा आकडा येतो २५. पन्नास लिटर बदललं तर ३०. सगळं बदललं तर थेट ४०. सल्ला देणारा जितकं जास्त बदलायला सांगतो, तितकं शेवाळाचं खाद्य वाढतं. हेच पंचवीस लिटर नायट्रेट नसलेल्या पाण्याने बदलले असते तर आकडा १५ वर आला असता, पुढच्या आठवड्यात ११ च्या जवळ. पद्धत तीच, कष्ट तेवढेच, फक्त पाणी वेगळं. एवढी साधी गोष्ट वर्षानुवर्षं कुणी सांगत नाही आणि लोक खचून टँक विकून टाकतात, याचा मला खरंच राग येतो.

याहून मोठी चोरवाट उन्हाळ्यात उघडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. टँकचं पाणी २६-२७ अंशांवर ठेवायचं तर चिलर हवा, आणि तो नसेल तर पाण्यावर पंखा लावतात. पंखा पाणी थंड करतो ते बाष्पीभवनातून, म्हणजे टँकची पातळी रोज उतरते. ती भरून काढायला गोडं पाणी घालावं लागतं, कारण उडून जातं ते निव्वळ पाणी. मीठ मागे राहतं. नायट्रेटही मागेच राहतं. रोज दोन लिटर धरा, महिन्याला साठ. ते ४० मिलिग्रॅमच्या बोअरचं असेल, तर महिनाभरात शंभर लिटरच्या टँकमध्ये २४०० मिलिग्रॅम नायट्रेट गेलं, म्हणजे लिटरमागे २४ ची भर. माशांना एक दाणाही न घालता. पाणी बदलणं निदान लक्षात राहतं. हा रोजचा तांब्या कुणी हिशोबात धरत नाही.

नायट्रेटच्या जोडीला सिलिका आहे. वाशिम जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर, काळ्या पत्थरावर बसलेला आहे. त्या खडकातून झिरपताना पाणी सिलिका विरघळवून घेतं. काचेवर आणि वाळूवर येणारा तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर डायटमचा असतो, आणि डायटमचं कवचच सिलिकाचं असतं. नव्या टँकमध्ये हा थर येतो आणि काही आठवड्यांत बहुधा आपोआप जातो. दर आठवड्याला नवी सिलिका ओतत राहिलं तर तो जायचं नाव घेत नाही.

यावर पहिलं उत्तर येतं, ‘आमच्याकडे आरओ आहे.’ चांगलं आहे, पण यंत्र नीट बघा. आपल्या स्वयंपाकघरातल्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो. पाण्याला चव यावी म्हणून तो आरओतून न गेलेलं थोडं पाणी पुन्हा शुद्ध पाण्यात मिसळतो. काहींमध्ये वर खनिजांचं काडतूस असतं. पिण्यासाठी हे ठीक आहे, टँकसाठी नाही. शिवाय आरओचा पडदा इतर क्षारांच्या मानाने नायट्रेट कमी अडवतो आणि जुना झाला की आणखी कमी. म्हणून मरीन टँकवाले आरओच्या पुढे उरलेले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा लावतात, आणि टीडीएस मीटरवर शून्य आल्याशिवाय त्या पाण्यात मीठ घालत नाहीत. त्या मीटरचीही एक मर्यादा आहे: सिलिका पाण्यात बहुतांश विद्युतभाराशिवाय असते, त्यामुळे मीटरला ती जवळजवळ कळतच नाही. रेझिन थकू लागलं की आधी सिलिका निसटते, मीटर तेव्हाही शून्य दाखवत असतो. मीटर शून्य असूनही तपकिरी थर परत आला तर रेझिन बदला.

वीस लिटरच्या ‘फिल्टर’च्या जारबद्दलही विचारतात. जार भरणाऱ्याकडे काय यंत्र आहे आणि पडदा कधी बदलला, हे आपल्याला माहीत नसतं. आधी टीडीएस मोजा, मग नायट्रेट मोजा, मग वापरा.

पाणी उकळून घेतलं तर? तर नायट्रेट वाढतं. वाफ उडते, नायट्रेट भांड्यात राहतं. उकळल्याने जंतू मरतात आणि कठीणपणाचा एक भाग खाली बसतो, इतकंच. आणि हायपो घातलं तर? हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारतं. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका यांना हातही लावत नाही. एकबुर्जीहून येणारं वाशिम शहराचं नळाचं पाणी बोअरपेक्षा वेगळं असतं, पण धरणाचं म्हणून ते टँकसाठी निर्धोक होत नाही; ऋतूनुसार ते बदलतं, तेव्हा तेही मोजूनच घ्या.

मोजायचं कुठे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो आणि अहवालात नायट्रेटचा रकाना असतो. घरी हवं तर टेस्ट किट. किट वाचताना एक खबरदारी घ्या: काही किट नायट्रेट दाखवतात, काही फक्त त्यातला नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४ ने गुणल्याशिवाय वरच्या आकड्यांशी ताडू नका.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘शेवाळ उजेडामुळे येतं, लाइट बंद ठेवा.’ तीन दिवस पूर्ण अंधार केला तर लाल थर आणि काही सूक्ष्म शेवाळं मागे हटतात. हिरवे केसही कोमेजतात, पण मेलेल्या शेवाळातलं पोषण पाण्यातच सुटतं आणि नवीन पीक त्यावर उगवतं. रोज आठ-नऊ तास लाइट आणि खिडकीचं थेट ऊन टाळणं, एवढं पुरेसं आहे.

‘टेस्टमध्ये नायट्रेट शून्य आहे, म्हणजे कारण दुसरंच आहे.’ शेवाळाने ते खाऊन टाकलं आहे, म्हणून शून्य. दगडावर दोन बोटं लांब केस असताना शून्याचा अर्थ ‘येतं तेवढं सगळं शेवाळात जातं’ असाच घ्यायचा.

‘मग शून्यच उत्तम.’ नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलेल्या टँकमध्ये बऱ्याचदा डायनोफ्लॅजेलेट माजतात: तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेले धागे. काही जाती विषारी असतात, त्या खाणाऱ्या गोगलगायी मरतात. इथे तर पाणी बदलण्याने त्रास उलट वाढल्याचा अनुभव अनेकांना येतो.

‘लाल शेवाळ’ हे मुळात शेवाळच नाही. मखमलीसारखा, पापुद्रा निघणारा लालसर थर सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे जिवाणूंचा असतो. नळीने ओढून काढा, त्या कोपऱ्यात पाण्याचा प्रवाह वाढवा. घरातली अँटिबायोटिकची गोळी टँकमध्ये टाकू नका. टँक ज्या जिवाणूंवर चालतो त्यांनाही ती मारू शकते.

‘मोरचूद टाका.’ हा सल्ला संत्र्याच्या बागेतून टँकमध्ये आलेला आहे आणि तो घातक आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तांब्याच्या अगदी थोड्या मात्रेने कोळंबी, खेकडे, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. शिवाय तांबं दगडात आणि वाळूत मुरतं, पुढे हळूहळू सुटत राहतं. माशांच्या आजारावर तांब्याचं औषध वापरतात, ते वेगळ्या, रिकाम्या टँकमध्ये आणि मोजून.

‘मीठ वाढवलं की शेवाळ मरतं.’ लोणारकडे बघा. समुद्रातली बहुतेक जनावरं जगणार नाहीत असं ते पाणी, तरी सरोवर हिरवं दिसतं, कारण त्या क्षारात मजेत वाढणारे सूक्ष्मजीव तिथे आहेत. मीठ वाढवल्याने आधी मासे जातील. आणि खारं पाणी हवं म्हणून लोणारहून कॅन भरून आणायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडा: त्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास आहे, मरीन टँकला ८.१ ते ८.४ लागतो, आणि ते सरोवर अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही.

‘दगड-वाळू सगळं काढून नळाखाली धुवा.’ टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्याने दगड धुतले की त्यावरचे अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात. मग दोन दिवसांत अमोनिया चढतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. नवा दगड हवा म्हणून समुद्रातून काढलेलं प्रवाळही विकत घेऊ नका. खडक बांधणारं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

‘गोगलगायी सोडा, त्या साफ करतील.’ कोवळं शेवाळ खातील, लांब वाढलेले केस नाही. आधी हाताने उपटा, टूथब्रशने घासा आणि घासतानाच नळीने बाहेर ओढा. बाहेर काढलेलं प्रत्येक मूठभर शेवाळ म्हणजे टँकमधून कायमचं गेलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट. वेगळ्या कप्प्यात मुद्दाम कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ वाढवून दर पंधरवड्याला कापून टाकण्यामागे हेच तत्त्व आहे.

पाणी सुधारल्यावरही शेवाळ लगेच जात नाही, आणि लोक नेमके इथेच धीर सोडतात. फॉस्फेट बहुतांश माशांच्या खाद्यातून येतं, आणि दगड व वाळू चुन्याचे असल्यामुळे ते त्यांच्या पृष्ठभागावर धरलं जातं. पाण्यातलं फॉस्फेट कमी झालं की दगड साठवलेलं सोडू लागतो. म्हणून टेस्टचा आकडा आठवडाभर खाली येतो आणि पुन्हा वर जातो. जुन्या टँकमध्ये हे काही महिने चालतं. गोठवलेलं खाद्य वितळवून त्याचं पाणी फेकून द्या, दोन मिनिटांत संपेल तेवढंच घाला, स्किमरचा कप नियमित धुवा. फेरिक ऑक्साइडचे दाणे वापरणार असाल तर सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा आणि दर आठवड्याला मोजा. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान आलं की तिथे थांबा, कारण ते एकदम खाली पाडलं तर शेवाळाच्या आधी प्रवाळ पांढरं पडतं.