उंच केलेली जीप आणि शाफ्टचा कोन

आखूड शाफ्टची अडचण

जीप रँग्लरचे टीजे मॉडेल १९९७ ते २००६ या काळातले. अमेरिकेतली हौशी मंडळी ते तीन-चार इंच उंच करून घेतात. मोठे टायर बसतात, दगडांवर गाडीचे पोट घासत नाही; पण हमरस्त्यावर वेग घेतला की मागून थरथर सुरू होते. इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलांत वाटणारी ट्रान्सफर केस चासीबरोबर वर गेली, मागचा ॲक्सल चाकांपाशीच राहिला. या दोघांना जोडणारा शाफ्ट दीड फुटाचा असेल, तर तीन इंच उंचीने त्याचा कल नऊएक अंशांनी वाढतो. पाच फुटी शाफ्टच्या पिकअपमध्ये हीच वाढ जेमतेम तीन अंशांची.

क्रॉस कसा फिरतो

शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला क्रॉस कोनात फिरताना गती एकसारखी पुढे देत नाही. ट्रान्सफर केसमधून मिनिटाला स्थिर २००० फेरे येत असले, तरी २० अंशांच्या कोनात शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा सुमारे २१३० पर्यंत चढतो आणि दोनदा १८८० पर्यंत उतरतो. दुसऱ्या टोकाला, ॲक्सलमध्ये शिरणाऱ्या दांड्याकडचा म्हणजे पिनियनकडचा क्रॉसही तेवढ्याच कोनात असेल, तर हा चढउतार तिथे फिटतो. त्यासाठी ट्रान्सफर केसचा बाहेर येणारा दांडा आणि पिनियन समांतर हवेत, शिवाय शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत. तरीही मधला शाफ्ट हिसके खातच राहतो, म्हणून मुळात कोन लहानच बरा.

पिनियन वर उचलावा का?

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. शाफ्ट कोणता आहे हे न पाहताच पिनियनचे तोंड वर केले जाते. दोन साध्या क्रॉसच्या शाफ्टला हे घातक: खालचा कोन घटतो, वरचा तसाच राहतो, आणि दोघांचा मेळ मोडतो. ट्रान्सफर केस इंचभर खाली घेणे हा स्वस्त उपाय, पण कमावलेल्या उंचीतला तेवढा इंच पोटाखालून जातो. खरा इलाज म्हणजे ट्रान्सफर केसवरचा सरकता योक काढून ठोस योक बसवणे आणि वरच्या टोकाला डबल जॉइंटचा शाफ्ट जोडणे. त्याचे दोन क्रॉस आपला हिशेब आपसातच मिटवतात. मग पिनियन शाफ्टच्या रेषेत, किंवा अंश-दोन अंश खाली ठेवायचा, कारण जोर लागला की तो वर उचलला जातो.

मोजणी आणि पाचर

गाडी सपाट जागी, चाकांवर उभी हवी. जॅकवर ॲक्सल लोंबकळत असताना घेतलेले माप कुचकामी. टीजेला कॉइल स्प्रिंग असल्याने ॲक्सलच्या आर्मची लांबी बदलून पिनियन फिरवता येतो. पाटे असलेल्या गाडीत पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर लागते: पाटे ॲक्सलच्या वर असतील आणि पिनियन उचलायचा असेल, तर जाड बाजू मागे, पाटे खाली असतील तर पुढे. पाचर पोलादी घ्यावी, ॲल्युमिनियमची चिरडते.

पिनियन फार वर गेला, तर त्याच्या पुढच्या बेअरिंगला तेल कमी पडते. पुढच्या ॲक्सलला हाच प्रयोग केला, तर कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कल, घटतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही भरकटू लागते.