चौथा चरण

गेल्या वर्षी आषाढात आमच्या अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या बाजूबरोबर त्यांची वाचाही गेली. रोज रात्री जेवणे आटोपली की ते ज्ञानेश्वरीच्या तीसएक ओव्या मोठ्याने वाचीत आणि आई सुपारी कातरीत ऐके. पोथीतले खुणेचे मोरपीस सहाव्या अध्यायातच अडकून राहिले. श्रावण लागला तशी आई मला म्हणाली, "अरे, मराठीचा प्राध्यापक ना तू? मग तूच वाच की."

यात अवघड ते काय, असे मला वाटले. वीस वर्षे ज्ञानेश्वरी वर्गात शिकवीत आलो आहे. मी थाटात बैठक मारली आणि महत्त्वाच्या शब्दांवर जोर देत, श्रीकृष्णासाठी गंभीर आणि अर्जुनासाठी कातर आवाज काढत वाचू लागलो. दहा ओव्या झाल्या नसतील, तोच अण्णांचे डावे बोट पलंगाच्या दांडीवर वाजले. टक्! पाणी हवे असेल म्हणून उठलो, तर त्यांनी मान हलवली. पुन्हा वाचू लागलो; पुन्हा टक्!

तीन रात्री हे चालले, तेव्हा ध्यानात आले की बोट नेहमी ओवीच्या शेवटी वाजते. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. पण तो आखूड चरण तोंडाने म्हणताना काय करायचे असते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तीन चरणांच्या वेगात मी चौथाही रेटून नेत होतो आणि पुढच्या ओवीवर आदळत होतो. अण्णा तिथे थांबत. वाचणाऱ्याने तेवढ्यात श्वास घ्यायचा आणि ऐकणाऱ्याने अर्थ. सात दिवसांच्या पारायणात हे साधत नाही, याचे नवल नाही. ९००० ओव्या सात दिवसांत म्हणजे रोज सुमारे १३००. तिथे पुण्य पदरी पडत असेल, पण ओवी मात्र आगगाडीतून दिसणाऱ्या झाडासारखी मागे पळते!

आवाज बदलण्याची माझी हौसही मग आपोआप गळाली. कृष्णार्जुनांचा संवाद संजय धृतराष्ट्राला सांगतो आणि तो सारा ज्ञानेश्वर संतसभेला सांगतात. पोथी वाचणारा हा त्याही पुढचा, निरोप पोचवणारा माणूस. कीर्तनकार उत्तररंगात घटकाभर अर्जुन होऊन पुन्हा कीर्तनकार होतो, ते त्याला शोभते, कारण तो उभा असतो आणि सारे अंग त्याच्या हाताशी असते. मांडीवर पोथी घेतलेल्या माणसाने कृष्ण व्हायला जाऊ नये. माझा कृष्ण तर आमच्या प्राचार्यांसारखा बोलत होता, असे आईने नंतर सांगितले.

भाद्रपदात नववा अध्याय आला. त्याच्या आरंभीच ज्ञानेश्वर श्रोत्यांपाशी अवधान मागतात. लक्ष द्या, सुखाला पात्र व्हाल, असे प्रतिज्ञेने सांगतात आणि लगेच सावरून घेतात, की ही प्रौढी नव्हे, हे लाडाचे मागणे आहे. परीक्षेसाठी हा भाग मी कितीदा समजावून दिला असेल! त्या रात्री मात्र मला एकदम जाणवले, की हे कुणाला तरी समोर बसवून बोललेले आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवाशाला प्रवरेकाठी हा ग्रंथ सांगितला गेला आणि सच्चिदानंदबाबांनी तो उतरून घेतला. समोर माणसे होती म्हणून हे मागणे आले. मी मात्र इतके दिवस पोथीकडे बघूनच वाचत होतो. मान वर करून ते मागणे अण्णांकडे बघत म्हटले, तेव्हा आईचा अडकित्ता थांबला.

वर्गातही आता अर्थ सांगण्याआधी मुलांकडून ओवी मोठ्याने म्हणवून घेतो. अभ्यासक्रम मागे राहतो, हे खरे. विभागप्रमुखांनी तसे दोनदा ऐकवले आहे.

माघात अठरावा अध्याय सुरू झाला. त्या रात्री बोट एकदाही वाजले नाही. माझ्या काळजाचा ठोका चुकला; मी वाचता वाचता थबकून वर पाहिले. अण्णा टक्क जागे होते. त्यांनी डाव्या हातानेच खूण केली: पुढे.