अंगणातलं अनोळखी झाड (लेखांक ६) : पान नेमकं कुठे सुरू होतं?

फुलं-फळं हाताशी असली की झाड कसं ओळखायचं, हे गेल्या भागात पाहिलं. पण अंगणात आपोआप उगवलेलं झाड पहिली काही वर्षं फुलतच नाही, आणि ठेवायचं की काढायचं हा वाद घरात नेमका त्याच काळात सुरू होतो. म्हणून आज फक्त पान, डहाळी आणि चीक.

हिरवं दिसणारं प्रत्येक पातं म्हणजे पान नव्हे. पानाचा देठ डहाळीला जिथे जोडलेला असतो, त्या बेचक्यात एक बारीक डोळा असतो. पुढची फांदी त्यातूनच फुटते. पात्याच्या बुडाशी असा डोळा दिसला नाही, तर ती नुसती पर्णिका. मग देठ धरून मागे मागे जावं; डोळा भेटेल तिथे पान सुरू होतं. आंबा, जांभूळ, वावळ यांचं पान म्हणजे एकच सलग पातं. कडुनिंबाची मात्र पाडव्याला आपण तोडतो ती अख्खी काडी म्हणजे एक पान. एवढं पक्कं झालं की शक्यतांची यादी झपाट्याने लहान होते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो कडुनिंब, बकाण निंब आणि महारुख या तिघांत. कडुनिंबाच्या देठावर कोयत्यासारख्या वाकड्या, दातेरी पर्णिका थेट बसलेल्या असतात. बकाण निंबाच्या मुख्य देठाला आधी उपदेठ फुटतात आणि पर्णिका त्यांवर येतात. हा फरक घरात लहान मुलं असतील तर माहीत हवाच, कारण बकाण निंबाची पिवळी फळं विषारी असतात आणि पानं गळाल्यावरही घोसांनी लटकत राहतात. महारुखाची रचना कडुनिंबासारखीच, पण सगळं अवाढव्य: पान हातभर लांब, पर्णिकांचे दाते मोठे आणि ओबडधोबड, साल फिकट करडी. रोपं भराभर उंच होतात, म्हणून लोक घाबरतात. याच्या हलक्या लाकडाच्या आगकाड्या होतात.

पान तोडल्यावर पांढरा चीक आला आणि शेंड्याचं टोकदार आवरण गळाल्यावर पेरावर कड्यासारखी खूण राहिली, तर झाड वड-पिंपळ-उंबराच्या कुळातलं समजावं. फणसही त्याच कुळातला. त्याच्या रोपाची पानं खाचा पडलेली असतात, मोठ्या झाडाची अखंड. म्हणून बुंध्याजवळची जुनी आणि शेंड्याची नवी, दोन्ही पानं पाहावीत. चीक डोळ्यांपासून दूर ठेवा आणि अनोळखी पान चाखून कधीही पाहू नका. पिवळ्या कण्हेरीलाही पांढराच चीक असतो आणि ती जहाल विषारी आहे. बिब्ब्याचा रस कातडीवर फोड आणतो.

यानंतर कुंपणाबाहेर बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगी आहे. वावळ आणि महारुखाच्या पंखवाल्या बिया वारा आणतो, लिंबोळ्या आणि उंबरं पाखरं खातात आणि बिया टाकतात. तुमच्या झाडाची आई बरेचदा त्याच गल्लीत उभी असते, फुलाफळांसकट.

मोबाइलवरची ॲपं नाव सुचवतात. ते कच्चं उत्तर धरा आणि वरच्या खुणांशी ताडून पाहा. श्री. द. महाजनांचं ‘देशी वृक्ष’ जवळ असू द्या. तरीही अडलं, तर डोळे दिसतील अशी पानांसकट डहाळी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात न्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्रही आहे.

नाव कळेपर्यंत झाडाला कुऱ्हाड लावू नका. शहराच्या हद्दीत तर १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते.